स्टोअरमधून गेम निघून चाललाय, माझ्या प्रतीचं काय?

प्रश्न : एका डिजिटल स्टोअरमधून मी वीसेक गेम घेतले आहेत. त्यातला कार शर्यतींचा एक गेम पुढच्या महिन्यात स्टोअरवरून काढणार असल्याची सूचना आली आहे. पूर्ण पैसे भरले, म्हणजे गेम माझाच ना? त्याची प्रत काढून ठेवता येईल का? गरज पडली तर गेमची नक्कल रोखणारं लॉक तोडावं का? आणि गेम कायमचा नाहीसा होऊ नये म्हणून फाइल इंटरनेटवर टाकली तर गुन्हा होतो का?

उत्तर : आधी ती सूचना पुन्हा सावकाश वाचा. विक्री बंद होणं, सर्व्हर बंद होणं आणि तुमचा परवाना रद्द होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याचं उत्तर प्रत्येक वेळी बदलतं. निन्टेंडोने आपल्या थ्रीडीएस आणि वी यू या गेम-कन्सोलच्या ई-शॉपमधली खरेदी २७ मार्च २०२३ रोजी बंद केली. शिल्लक डाउनलोड कोड एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत वापरता आले, आणि आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवण्याची सोय त्यानंतरही राहिली. ऑनलाइन खेळ मात्र एप्रिल २०२४ मध्ये थांबला. याउलट युबिसॉफ्ट कंपनीच्या 'द क्रू' या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि पुढे अनेकांच्या खात्यातून परवानाच काढून घेतला गेला. तो गेम सर्व्हरशिवाय चालतच नव्हता, त्यामुळे डिस्क विकत घेणाऱ्यांच्या हातीही काही उरलं नाही.

शर्यतींच्या गेममध्ये गाड्यांची नावं, त्यांचे आकार आणि गाणी ही ठराविक मुदतीच्या करारावर घेतलेली असतात. मुदत सरली की प्रकाशकाला नव्या प्रती विकता येत नाहीत. तुमच्या बाबतीत हेच कारण असेल तर जुन्या खरेदीदारांचं डाउनलोड बहुधा चालू राहील. तरीही त्यावर विसंबून राहू नका.

आता मालकीविषयी. तुम्ही घेतलाय तो वापराचा परवाना, आणि बहुतेक करारांत तो रद्द करण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवलेला असतो. 'विकत घ्या' हे बटण ग्राहकाची दिशाभूल करतं, हे कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मान्य केलं. १ जानेवारी २०२५ पासून तिथे हे बटण दाखवताना 'हा फक्त परवाना आहे' असं ठळक सांगावं लागतं. विकल्यानंतर विक्रेत्याला परत घेता येणार नाही अशा, म्हणजे कायमस्वरूपी ऑफलाइन डाउनलोड देणाऱ्या वस्तूंना यातून सूट आहे. ही सूट ध्यानात ठेवा : ऑफलाइन इन्स्टॉलर देणारं स्टोअर आणि खात्यातून खेळू देणारं स्टोअर यांत कायद्यालाही फरक दिसतो.

स्वतःपुरती बॅकअप प्रत बहुतेक कायद्यांना मान्य आहे. भारतात कॉपीराइट अधिनियम, १९५७ चे कलम ५२(१)(एए), अमेरिकेत तिथल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ११७, युरोपात २००९ च्या सॉफ्टवेअर निर्देशाचा अनुच्छेद ५(२). तिन्हींचा गाभा एकच : प्रत कायदेशीररीत्या तुमच्याकडे असली पाहिजे आणि बॅकअप तुमच्या वापरासाठीच असला पाहिजे. ती प्रत मित्राला दिली की हे संरक्षण संपलं.

लॉक तोडण्याचा मुद्दा नाजूक आहे. भारतात कलम ६५ए नुसार, हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो, म्हणजे इथे हेतूला महत्त्व आहे. अमेरिकेत वैयक्तिक खेळासाठी एक ठोस सवलत आहे : गेम ज्या सर्व्हरकडून पडताळणी करून घेतो तो बंद झाल्याचं प्रकाशकाने जाहीर केलं असेल आणि तो खरोखर बंद असेल, किंवा सहा महिने बंदच असेल, तर स्वतःच्या यंत्रावर गेम पुन्हा सुरू करण्यापुरतं लॉक काढता येतं. केवळ विक्री थांबली म्हणून ही सवलत मिळत नाही. तेव्हा पुढच्या महिन्यात लॉकला हात लावू नका.

फाइल इंटरनेटवर टाकू नका. तळमळ खरी असली तरी 'दुकानात मिळत नाही' हा बचाव न्यायालयात टिकत नाही. कॉपीराइट विक्रीवर अवलंबून नाही. अमेरिकेत कंपनीच्या नावावरच्या कामाला प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण असतं. ग्रंथालयांनी जतन केलेले गेम संशोधकांना दुरून पाहू द्यावेत ही मागणीसुद्धा तिथे ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली गेली. मला हा निर्णय चुकीचा वाटतो, पण आज नियम तोच आहे.

मुदतीच्या आत करायचं काम मात्र भरपूर आहे, आणि लोक चुकतात ते इथेच. गेमची जास्तीची पॅक हवी असतील तर आधी घ्या. ती वेगळी विकली जातात आणि मूळ गेमबरोबरच नाहीशी होतात. मग मूळ गेम, सगळे अपडेट आणि पॅक याच क्रमाने उतरवा. अपडेट राहिला तर हाती उरते ती पहिल्या दिवशीची चुकांनी भरलेली आवृत्ती. ऑफलाइन इन्स्टॉलर मिळत असेल तर त्याचे सगळे तुकडे घ्या, कारण एक कमी पडला तरी इन्स्टॉल अडतं. ड्राइव्हचं फॉरमॅट फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसणारच नाही, म्हणून एक्सफॅट फॉरमॅट वापरा. दोन वेगळ्या ड्राइव्हवर प्रती ठेवा, प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइल जराही बदलली तर बदलणारा, तिच्या ठशासारखा आकडा) काढून मजकूर फाइलमध्ये लिहा आणि वर्षातून एकदा पडताळा. सेव्ह फाइल क्लाउडवरून उतरवून वेगळ्या ठेवा.

त्यानंतर इंटरनेट बंद करून, यंत्र पूर्ण बंद-चालू करून गेम उघडून पाहा. स्टोअरच्या अॅपमधला 'बॅकअप' परत बसवताना लॉगिन मागत असेल, तर तो खातं चालू असेपर्यंतच उपयोगाचा. कन्सोलवरची फाइल एन्क्रिप्टेड असते. नुसती ड्राइव्ह दुसऱ्या कन्सोलला लावून गेम चालत नाही, म्हणून ज्या कन्सोलवर उतरवला ते तुमच्या खात्याचं मुख्य कन्सोल म्हणून नोंदवा.

कागदपत्रंही आजच गोळा करा : खरेदीची पावती, त्या वेळच्या अटी, स्टोअरवरचं गेमचं पान आणि आलेली सूचना, सगळं तारखेसह पीडीएफमध्ये. गेम खरोखर बंद पडला तर ग्राहक तक्रारीत किंवा परताव्याच्या मागणीत यांचाच आधार लागेल. 'ऑफलाइन खेळता येतो' असं पानावर लिहिलेलं असेल तर ते वाक्य तुमच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा आहे.

हा गेम इतरांसाठीही टिकावा असं वाटत असेल तर प्रकाशकाला लेखी विनंती करा : गेमचं नाव, आवृत्ती, प्रत कोणत्या ग्रंथालयाकडे किंवा संग्रहालयाकडे सोपवायची आहे आणि ती तिथे कोण पाहणार, हे स्पष्ट लिहा. उत्तर आलं नाही तर त्याला होकार समजू नका. महिन्याने पुन्हा लिहा आणि दोन्ही पत्रं वर सांगितलेल्या कागदपत्रांबरोबर ठेवा.