२०१२ ची पिकअप घरीच दुरुस्त करत अजून किती वर्षं चालवता येईल? मेकॅनिक 'हाफ इंजिन' सांगतोय, करू का?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: डिझेल पिकअप, ऐरोलीहून तुर्भ्याच्या मार्केटला रोज पहाटेची फेरी. सकाळी पहिल्या स्टार्टला सेल्फ (स्टार्टर मोटर) बराच वेळ मारावा लागतो, गाडी लागली की दोनेक मिनिटं पांढरा धूर, मग दिवसभर काही त्रास नाही. मेकॅनिकने नुसतं ऐकून ४५ हजारांचा आकडा सांगितला. आणि तुम्ही विचारताय, यातलं घरी काय होईल.

हाफ इंजिन, म्हणजे इंजिन खोलून पिस्टन-रिंगसारखे झिजलेले भाग बदलणं, घरी होत नाही. पण तुमच्या गाडीला ते लागतं का, हेच अजून कोणी बघितलेलं नाही.

मी मेकॅनिक नाही. घोडबंदर रोडला माझी छोटी नर्सरी आहे, रोपं आणि माती विकतो. २००९ ची पिकअप २०१४ साली जुनीच घेतली. २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, साधा डिझेल पंप, कॉम्प्युटर नाही. ओली माती, कुंड्या, पावसात घाट, सगळं तिनेच केलं. त्या अनुभवावर सांगतो: घरी काम केल्याने लेबरचे पैसे वाचतात हे खरं, पण ते फार नसतात. ऑइल बदलायचे गॅरेजवाला घेऊन घेऊन किती घेणार? खरे पैसे वाचतात ते चुकीचा पार्ट न बदलल्यामुळे.

हे मी फुकट शिकलो नाही. २०१७ च्या जुलैत गाडी पहाटे चारला नुसती 'टक' करून गप्प. बॅटरी गेली म्हणून नवी घातली, साडेसहा हजार. दोन दिवस चालली, परत टक. मग सेल्फ खोलून कार्बन, बुश, सगळं बदललं, अठराशे. आठवड्याने परत तेच. शेवटी कळव्याच्या एका रिटायर्ड गॅरेजवाल्या काकांनी मल्टिमीटर मागितला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावलं आणि मला म्हणाले, 'मार सेल्फ.' मीटरवर तीन व्होल्टच्या आसपास आकडा आला. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवा. इंजिन ते चेसिसची अर्थिंगची पट्टी आतून हिरवी होऊन कुजली होती. नवी पट्टी अडीचशे रुपयांची. जुनी बॅटरी मी तोवर भंगारात देऊन बसलो होतो, ती चांगली होती.

म्हणून पाना घेण्याआधी मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, सेल्फ मारताना साडेनऊ-दहाच्या खाली जाऊ नये, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दाखवायला हवं. चालू इंजिनवर तेरा पण दिसत नसेल तर बॅटरीला शिव्या देऊ नका, डायनमो किंवा बेल्ट बघा.

आता तुमची गाडी. थंड इंजिनमधून येणारा पांढरा धूर, त्याला डिझेलचा उग्र वास असेल तर, म्हणजे न जळलेलं डिझेल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. हवा पुरेशी तापली नाही किंवा डिझेल वेळेवर, नीट फवारून आलं नाही, की पेटत नाही आणि सायलेन्सरमधून तसंच बाहेर पडतं. हवा न तापण्याची कारणं: सेल्फ हळू फिरतो, हीटर प्लग असतील तर ते गेलेत, किंवा पिस्टन रिंग आणि व्हॉल्व्ह झिजून कॉम्प्रेशन, म्हणजे हवेवरचा दाब, उतरलंय. डिझेलची कारणं: लाइनमध्ये हवा शिरते, किंवा नोजल फवारण्याऐवजी थेंब टाकतो. तुमचा मेकॅनिक खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. कॉम्प्रेशन गेलेलं इंजिनही सकाळी असंच वागतं. फक्त यादीतलं सगळ्यात महागडं कारण त्याने सगळ्यात आधी सांगितलं.

उद्या सकाळी एवढंच करा. किल्ली फिरवण्याआधी बोनेट उघडा आणि डिझेल फिल्टरवरचा हातपंप दाबा. रात्रभर लाइन भरलेली राहिली असेल तर तो दोन-चार दाबांत घट्ट होतो. पंधरा-वीस वेळा पोकळ, मऊ लागला आणि मग घट्ट झाला, तर डिझेल रात्रीत टाकीकडे परत उतरलंय आणि त्याच्या जागी हवा आलीय. पंप घट्ट झाल्यावर सेल्फ मारा. गाडी अर्ध्या फेऱ्यात लागली, तर ४५ हजार खिशातच ठेवा. दोष इंजिनात नाही, नळीत आहे.

ही गळती शोधणं मात्र वैताग आहे, कारण टाकीपासून इंजिनाच्या डिझेल पंपापर्यंतच्या भागात डिझेल ओढलं जातं. बारीक फट असली तरी गाडी चालू असताना तिथून डिझेल टपकत नाही, उलट हवा आत जाते. खाली डाग शोधत बसाल तर काही सापडणार नाही. मी फिल्टर आणि डिझेल पंप यांच्यामध्ये डिझेलला चालणारा पारदर्शक नळीचा तुकडा दोन दिवस लावून ठेवला होता. बुडबुडे सरळ दिसतात. मग एकेक जोड मागे सरकत जायचं: फिल्टरच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर, फिल्टरची रबरी रिंग, टाकीजवळची रबरी नळी. माझ्याकडे दोष नळीत निघाला. वरून ठीक दिसत होती, वाकवल्यावर तडे दिसले. तांब्याचे वॉशर खोलले की नवेच घाला. पाच-दहा रुपयांच्या वॉशरसाठी मी लाइनमधली एअर (शिरलेली हवा) दोनदा काढलीय.

एअर काढणं घरी होतं. फिल्टरवरचा छोटा स्क्रू थोडा सैल करायचा, हातपंप मारायचा, फेस संपून सलग डिझेल आलं की पंप दाबून ठेवूनच स्क्रू आवळायचा. पण इथे तुम्हाला थांबवतो. तुमची गाडी २०१२ ची म्हणजे ती साध्या पंपाचीही असू शकते आणि कॉमन रेलचीही, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी, डिझेल प्रचंड दाबाने सोडणारी. कॉमन रेल असेल तर नोजलकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपांचे नट चालू इंजिनवर चुकूनही सैल करू नका. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि हात गमवायची वेळ येते. जुन्या पंपाच्या गाडीवर मेकॅनिक लोक नट सैल करून एअर काढतात, ते बघून नव्या गाडीवर करायला जाऊ नका.

हातपंप पहिल्यापासूनच घट्ट असेल, बॅटरीचे आकडे बरोबर असतील, तर गाडी गरम झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. थोडी वाफ सगळ्याच जुन्या इंजिनांना येते. पण झाकण तिथे ठेवलं की उडायला बघतंय, धुराचा लोट येतोय, महिन्याला लिटर-दीड लिटर ऑइल टाकावं लागतंय, मुंब्रा बायपासच्या चढाला निळा धूर सोडते, असं असेल तर मेकॅनिकचं म्हणणं ऐका. तरीही इंजिन खोलण्याआधी नोजल तपासून घ्या आणि कॉम्प्रेशन मोजून आकडे लिहून मागा, चारही सिलिंडरचे. मोजायला नाही म्हणणाऱ्याकडे मी इंजिन खोलायला दिलं नसतं.

बाकी मी घरी काय काय करतो? ऑइल, सगळे फिल्टर, बेल्ट, होज, कूलंट, ग्रीसिंग, दिवे, वायरिंगची किडूकमिडूक कामं, सेल्फ उतरवणं-चढवणं. क्लच प्लेट एकदाच घरी बदलली. दोघं जण, पूर्ण रविवार, आणि गिअरबॉक्स परत बसवताना माझ्या बोटाचं नख गेलं. परत करणार नाही. ब्रेकचे लायनर मी उघडून बघतो, ॲडजस्ट करतो, पण ब्रेकच्या सिलिंडरचं काम गॅरेजला. पाठीमागे टनभर माती असताना गायमुखचा उतार उतरायचा असतो, तिथे हौस नको. आणि ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं.

गाडीखाली शिरताना फक्त जॅकवर भरवसा ठेवायचा नाही. घोडी (जॅक स्टँड) लावायची, चाकाला लाकूड लावायचं, माल उतरवलेला पाहिजे. सोसायटीच्या रस्त्याला थोडासा उतार असतो, तो डोळ्याला दिसत नाही, जॅकला कळतो.

आपल्याकडे इंजिनापेक्षा गाडी खाते ती हवा. तुमच्या ऐरोलीला एका बाजूला खाडी, माझ्या घोडबंदरलाही खाडीच. त्यात तुमची ओली भाजी, माझी ओली माती आणि शेणखत. हौद्याच्या तळाची पाणी जायची भोकं पाल्याने बुजतात आणि पत्रा खालून कुजतो. दर आठवड्याला तार घालून भोकं मोकळी करा, यापेक्षा स्वस्त दुरुस्ती मला माहीत नाही. पावसाळा संपला की मी चेसिस धुऊन वाळवतो, तारेच्या ब्रशने गंज काढतो, रेड ऑक्साइड मारतो. काही जण खालून जळकं ऑइल फासतात. गंजाला ते थोपवतं, पण रबरी बुश फुगतात, आणि पहिल्या पावसात ते सगळं गटारातून खाडीत. जळकं ऑइल कॅनमध्ये साठवून गॅरेजला द्या, त्यांच्याकडून ते रिसायकलवाले नेतात.

हौद्याला वेल्डिंग करायची वेळ आली तर बॅटरीची दोन्ही टर्मिनल आणि डायनमोचा प्लग काढल्याशिवाय वेल्डरला हात लावू देऊ नका. अर्थिंगची क्लिप वेल्डिंगच्या जागेजवळच लावायला सांगा. मी घाईत तसंच करू दिलं आणि डायनमोचे डायोड उडाले. चूक वेल्डरची नाही, गाडी माझी होती.

पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू आठवड्यातून एकदा सैल करून पाणी सोडा. पाणी डिझेलपेक्षा जड, खाली बसतं. काचेच्या बाटलीत घेतलंत तर दोन थर वेगळे दिसतात. पुलाखालच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलवरचा गिअरचा गोळा) आणि गिअरबॉक्सचं ऑइलही बघा. चहात दूध घातल्यासारखा रंग दिसला तर बदलायचं, उद्यावर टाकायचं नाही.

पाट्यांबद्दल, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांबद्दल, एक सांगतो, कारण मार्केटला जाणारे सगळेच हे करतात: मागे जादा पाटा टाकून घेणं. माल जास्त बसतो, गाडी खाली बसत नाही, मालक खूश. वजन मात्र चेसिस, हब आणि ब्रेकवर तेवढंच पडतं. रिकामी गाडी उडते, आणि चेसिसला तडा जातो तो बहुतेक पाट्याच्या ब्रॅकेटजवळ. माझ्याआधीच्या मालकाने टाकलेला जादा पाटा मी काढून टाकला. दोन फेऱ्या जास्त होतात, होऊ देत.

पार्ट घेताना फिल्टर, रबर, ब्रेक, बेअरिंग चांगल्या कंपनीचंच. दरवाजाचं हँडल, दिव्याची काच, आरसा, सीटची फ्रेम यासाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चक्कर मारा, जुना माल मिळतो. जुना पार्ट सोबत न्यायचा. 'तोच आहे' असं दुकानदार म्हणाला तरी शेजारी ठेवून भोकं मोजायची.

आणि एक शंभर पानी वही. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती लागले. माझ्या वहीत मागे वळून बघितलं तेव्हा कळलं की कूलंट दर दोन महिन्यांनी अर्धा लिटर कमी होतंय. जमिनीवर थेंब नाही. वॉटर पंपाच्या सीलमधून पाझरून गरम इंजिनावर वाळत होतं. हेड गॅस्केट जाण्याआधी सापडलं ते वहीमुळे. (रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, हे लिहायची गरज नसावी, पण शेजारच्या मुलाचा हात भाजलेला मी बघितलाय.)

किती वर्षं चालेल, याचं अर्धं उत्तर आरटीओकडे आहे. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी, शिवाय पर्यावरण कर. तुमची २०२७ ला पंधरा पूर्ण करेल, आणि पंधरा वर्षांपुढच्या व्यावसायिक गाड्यांची फिटनेस फी बरीच चढलेली आहे. नवी मुंबईच्या आरटीओत जाऊन, किंवा परिवहन खात्याच्या साइटवर, आजचा आकडा बघा आणि मगच मोठा खर्च ठरवा. इंजिनावर आता ४५ हजार घातले आणि दोन वर्षांत गाडी काढावी लागली, तर ते पैसे विकताना परत येत नाहीत. घेणारा चेसिस बघतो, कागद बघतो.

मी माझ्यापुरतं ठरवलंय: इंजिन, गिअरबॉक्स, काहीही गेलं तर हिशोब करून बघेन, पण चेसिसला तडा दिसला त्या दिवशी गाडी विकायची. दर दिवाळीच्या आधी टॉर्च घेऊन खाली झोपतो आणि ब्रॅकेटजवळ बघतो. यंदा दिसला नाही. ड्रायव्हरच्या बाजूची काच मात्र गेली तीन वर्षं अर्ध्यावरच अडकलीय, ती काही माझ्याने झाली नाही.

हातपंपाचं सकाळी काय झालं ते इथेच खाली लिहा, मग पुढचं बोलू.