उजनी वजा झाली, मग मासा गेला कुठं?

प्रश्न : ताई, गुढीपाडवा झाला की आम्ही दोघं भाऊ दरवर्षी उजनीच्या काठावर गळ टाकायला जातो. यंदा पेपरात ‘उजनी वजा’ अशी बातमी आली. आमच्या नेहमीच्या जागेवर नुसता चिखल आहे. जायचं की नाही, आणि गेलो तर बसायचं कुठं?
— एक वाचक, टेंभुर्णी

उत्तर : जा भाऊ, खुशाल जा. ‘वजा’ वाचून धरण कोरडं पडलं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ते तसं नाही. धरणाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी. त्यातलं साधारण 63 टीएमसी मृतसाठ्यात, म्हणजे तळाच्या राखीव पाण्यात, धरतात आणि त्याच्या वरच्या पाण्याची टक्केवारी पेपरात छापून येते. म्हणजे आकडा शून्यावर येतो तेव्हाही निम्म्याहून जास्त पाणी धरणात असतं. पाणी त्याच्याही खाली उतरलं की आकडा वजा होतो. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी वजा साठ टक्क्यांच्या जवळ गेली, पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडलं, तरी होड्या पाण्यातच होत्या.

मासा कमी होत नाही, जागा बदलतो. पाणी उतरतं तसा तो जुन्या भीमेच्या पात्राकडं सरकतो. माझं माहेर याच पाणलोटातलं, वडील मच्छीमार. चैत्र लागला की ते पाण्याकडं नंतर बघायचे, आधी काठाचा उतार बघायचे. कुंभारगावच्या बाजूला काठ पसरट आहे, तिथं रोहित पक्षी बघावेत. मोठ्या माशासाठी जिथं काठ एकदम खाली उतरतो, जुन्या बांधाचे दगड किंवा वाळलेल्या बाभळींची खोडं पाण्यात दिसतात, तिथं बसा. जागा ओळखू येत नसेल तर होडीवाल्याला विचारा. बुडालेल्या गावांच्या विहिरी कुठं आहेत हेसुद्धा त्यांना पाठ असतं.

आता वेळेचं. पहाटे पाचलाच गळ पडला पाहिजे, असं सगळे सांगतात. स्वच्छ पाण्यात ते खरं आहे. पण उजनीत वरून सांडपाणी येतं, उन्हं तापली की पाणी हिरवं होतं. हे बारीक शेवाळ दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतं आणि रात्रभर तोच ओढून घेतं. त्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. 20 अंशाच्या पाण्यात लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशाला साडेसात. त्यामुळं हिरव्या पाण्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करताना दिसतात. लोक म्हणतात, मासा खेळतोय. तो खेळत नाही, गुदमरलेला असतो, आमिषाकडं बघत नाही. ऊन चढून तास-दोन तास झाले की तो खाली जातो आणि खायला लागतो. हिरव्या पाण्यावर आठनंतर बसा. ज्या काठावर लाटा आपटतात पण हिरवी साय जमलेली नाही, तो काठ निवडा.

आमिष माशाच्या तोंडाकडं बघून ठरवायचं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या पाण्यात चरतो. त्याला पेंडेचा सैल गोळा लावून गळ अधांतरी ठेवा. मृगल तळाला चरतो. वाम आणि शिंगटा हवा असेल तर संध्याकाळी दगडांच्या कडेला गांडूळ.

उथळ पाण्यात तळाला थाळ्याएवढे गोल खळगे दिसले तर ती चिलापीची घरटी. नर शेपटी हलवत खळगा साफ करतो आणि राखत बसतो. मादी अंडी तोंडात घेऊन निघून जाते, पिल्लंही तोंडातच वाढवते. चिलापी परकी आणि भरपूर आहे, ती धरा. पण पाण्याच्या वर तांबड्या पिल्लांचा घोळका फिरताना दिसला तर खाली मरळ राखणीला आहे. तिथं गळ टाकू नका. आईबाप उचलले की घोळका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो.

दुपारनंतर ढग भरून आले तर होडीत बसू नका, कोणी कितीही आग्रह करो. मे 2024 मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटली आणि सहा जीव गेले. वळवाचा वारा उजनीवर कुठून उठतो ते कळत नाही. आणि गळ टाकण्याआधी परवान्याचं तिथल्या मच्छीमार संस्थेत विचारून घ्या.

प्रश्न : सोलापूरसाठी नदीत पाणी सोडलं की आमच्याकडं मासा चढतो म्हणतात. किती दिवसांनी जाळं टाकावं?
— एक वाचक, पंढरपूर तालुका

उत्तर : पहिलं पाणी गढूळ असतं, वाटेतला सगळा कचरा घेऊन येतं. ते जाऊ द्या. पाणी निवळून धार एकसारखी झाली की मासा धारेला तोंड करून वर सरकतो आणि बंधाऱ्याखाली अडतो. जाळं तिथं लागतं, पण बंधाऱ्याच्या अगदी पायथ्याला उतरू नका, पाणी अचानक वाढतं. सोडलेलं पाणी सोलापूरसाठी ते जिथं अडवतात त्या औज बंधाऱ्याकडं निघून गेलं की मागं डोह उरतात. त्या डोहांतला मासा पावसाळ्यापर्यंत राखा, नदीचं बियाणं तेवढंच. डोहात औषध टाकणं किंवा सुरुंग उडवणं 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. कोणी करताना दिसलं तर पोलिसांना कळवा.

प्रश्न : भिगवणला बोटाएवढी मासळी स्वस्तात मिळते. घ्यावी का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आंबळीसारखी जातच लहान असेल तर आनंदानं घ्या, तळून फार चांगली लागते. पण वडाप म्हणतात त्या बारीक आसाच्या जाळ्यात कटला-रोहूची पिल्लं येतात. ही जात पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालते, धरणाच्या साचलेल्या पाण्यात नाही. म्हणून जलाशयात बीज आणून सोडावं लागतं. तेच बोटाएवढं असताना उचललं तर किलोचा मासा होणार कधी? पाटीत हात घालून बघा. अंगाच्या मानानं डोकं मोठं आणि तोंड वर असेल तर तो कटला, खालच्या ओठाला झालर असेल तर रोहू. असं पिल्लू दिसलं की पाटी परत करा आणि का परत करताय ते विकणारीला सांगा.