गाडी उभी असताना थरथरते, चेक इंजिन लाइट लुकलुकते. मिसिंग घरच्या घरी कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की चार सिलिंडरची पेट्रोल-सीएनजी हॅचबॅक आहे, सिग्नलला थरथरते, चढाला झटके मारते, चेक इंजिनची लाइट कधी नुसती पेटते कधी लुकलुकते आणि गॅरेजमध्ये प्लग (ठिणगी पाडणारे), चारही कॉइल (प्लगला व्होल्टेज देणाऱ्या), इंजेक्टर (इंधन फवारणारे) असं सगळं बदलायचं एस्टिमेट हातात दिलंय. माझं ऐकाल तर आत्ता एकही पार्ट घेऊ नका. हे मिसिंग आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाहीये. चारपैकी नेमका कुठला सिलिंडर काम करत नाहीये हे आधी शोधा, ते पार्किंगमध्ये उभं राहून सहज कळतं, आणि ते कळलं की खर्च बहुतेक वेळा एका पार्टवर येतो.

त्याआधी एक महत्त्वाचं. लाइट लुकलुकत असेल तर गाडी पळवू नका. लुकलुकणं म्हणजे मिसिंग इतकं जास्त आहे की न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातंय आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा एक्झॉस्टमधला पार्ट) जाऊन जळतंय, तिथली उष्णता इतकी वाढते की आतली जाळी वितळू शकते, आणि तो पार्ट कॉइलच्या कितीतरी पट महाग असतो. लाइट स्थिर असेल तर सावकाश घरी आणायला हरकत नाही.

आता एक ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) घ्या, ऑनलाइन हजाराच्या आत मिळतो. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचा सॉकेट असतो तिथे लावायचा आणि मोबाइलवर अ‍ॅप टाकायचं. २०१३ नंतरच्या आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांना ओबीडी-२ असतंच त्यामुळे अडचण यायची नाही. कोड पी०३०१ आला तर पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, असं पुढे, आणि पी०३०० म्हणजे एकच असा नाही, मिसिंग कुठेही होतंय. पहिला सिलिंडर बहुतेक गाड्यांत टायमिंग चेनच्या बाजूला, म्हणजे गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाला असतो. कोड लिहून ठेवल्याशिवाय पुसू नका, त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेम म्हणून तेव्हाचा आरपीएम, इंजिनचं तापमान वगैरे साठवलेलं असतं ते पण पुसलं जातं आणि नंतर त्याचाच उपयोग होतो.

समजा पी०३०२ आला. गाडी बंद, चावी काढलेली, इंजिन पूर्ण थंड. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून पहिल्यावर लावा, पहिल्याची दुसऱ्यावर. कोड पुसा, एक चक्कर मारून या. आता पी०३०१ आला तर कॉइल गेलीय, विषय संपला, एक कॉइल आणा. तरीही पी०३०२ च आला तर कॉइल चांगली आहे, मग तसेच प्लग अदलाबदल करा. पार्टसोबत मिसिंग सरकलं तर तो पार्ट खराब, नाही सरकलं तर तो पार्ट संशयातून सुटला, एवढंच बघायचंय, आणि याला पैसे लागत नाहीत. मल्टिमीटरने कॉइल तपासायच्या भानगडीत पडू नका, हल्ली तीन-चार वायरींच्या कॉइलमध्ये आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, ओहम बघून काही कळत नाही. जुन्या गाडीत दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असते, तिथे १ आणि ४ किंवा २ आणि ३ असे जोडीने कोड आले तर सरळ त्या कॉइलवर संशय घ्या.

कॉइल काढताना डोळे उघडे ठेवा. प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलंय का? तसं असेल तर टॅपेट कव्हरचं सील गेलंय, नुसती कॉइल बदलून ती पुन्हा खराब होणार. पाणी आहे का? वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून प्रेशरने पाणी मारलं की असं होतं, आणि पावसाळ्यात काचेखालच्या जाळीत पानं अडकून पाणी थेट इंजिनवर टपकतं, ती जाळी साफ करा. आणि वायरिंग नीट बघा, उंदीर कुरतडतात, गाडी आठवडाभर उभी असली तर हमखास. वायर तुटलेली असेल तर कॉइल, प्लग, इंजेक्टर बदलून काहीही उपयोग नाही.

प्लग काढायच्या आधी सायकलच्या पंपाने खड्ड्यातली धूळ उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. गरम इंजिनात प्लग काढू नका, हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आटे जातात आणि मग खरा खर्च सुरू होतो. प्लग ओला आणि पेट्रोलचा वास येत असेल तर स्पार्क पडत नाहीये. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलकडे बघावं लागेल. पांढऱ्या चिनी मातीवर उभी काळी रेघ दिसली तर स्पार्क बाहेरच्या बाहेर उतरतोय, तो प्लग आणि कॉइलचं रबर दोन्ही बदला. बसवताना आधी हातानेच फिरवा, सहज फिरत नसेल तर जोर न लावता परत काढा. पूर्ण बसल्यावर वॉशरवाल्या नव्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो.

आता तुमच्याकडे सीएनजी आहे, आणि शोधायला याचा फार फायदा होतो. त्याच रस्त्यावर, त्याच चढाला एकदा पेट्रोलवर आणि एकदा सीएनजीवर चालवून बघा. फक्त सीएनजीवर मिसिंग असेल तर आधी प्लग बघा, कारण गॅस पेटवायला स्पार्कला जास्त व्होल्टेज लागतं, पेट्रोलवर चालून जाणारा झिजलेला प्लग गॅसवर उघडा पडतो. म्हणूनच सीएनजीवाल्यांनी प्लग कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या आधीच बदलावेत आणि गॅप मॅन्युअलमध्ये दिलाय त्याहून वाढू देऊ नये. प्लग ठीक असेल तर मग गॅसचा फिल्टर आणि गॅसचे इंजेक्टर, पण गॅसच्या हाय प्रेशर लाइनला घरी अजिबात हात लावू नका, ते अधिकृत माणसाकडूनच. उलट फक्त पेट्रोलवर मिसिंग असेल तर कॉइल-प्लग बहुतेक सुटले, पेट्रोलचे इंजेक्टर बघा, वर्षानुवर्षं गॅसवरच चालवलं की ते न वापरता चोक होतात. रोज थोडं तरी पेट्रोलवर चालवत जा.

पी०३०० आणि सोबत पी०१७१ (हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय) असेल, आयडलला जास्त थरथरते पण रेस केल्यावर बरी वाटते, तर कुठूनतरी हवा ओढतेय. अ‍ॅपमध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर भरपाई म्हणून किती जास्त इंधन देतोय तो आकडा, दहा टक्क्यांच्या वर दिसेल. ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा) पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, हे हाताने चाचपून बघा, चिरलेलं रबर लगेच सापडतं.

दोन्ही इंधनांवर मिसिंग एकाच सिलिंडरला चिकटलेलं आणि कॉइल-प्लग बदलूनही तिथेच असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजायला हवं. साधारण १५०-१८० पीएसआय येतं, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. मोजताना पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, गाडी पेट्रोल मोडवर ठेवा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा, वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. सीएनजी गाड्यांत व्हॉल्व्हची सीट झिजून टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) टाइट होतात, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, आणि नुसतं टॅपेट सेटिंग केलं तरी गाडी सरळ होते, त्यामुळे कोणी लगेच हेड उतरवू म्हणालं तर आधी टॅपेटचा गॅप मोजून दाखवा म्हणा. कूलंट कमी होतंय आणि सकाळी पांढरा धूर येतोय असं असेल मात्र गाडी चालवू नका, हेड गॅस्केट असू शकतं, टो करून न्या.

स्कॅनर लावलात की कोड, फ्रीझ फ्रेममधलं तापमान आणि कुठल्या इंधनावर जास्त होतंय एवढं खाली लिहा, प्लगांचे फोटो टाकलेत तर अजून बरं, मी बघून पुढचं सांगतो.