मोठा टर्बो बसवू की नवी गाडी घेऊ?

प्रश्न (चाळीसगाव): २०१५ ची चार सिलिंडरची टर्बो डिझेल पिकअप आहे. केळी, भाजीपाला कन्नड घाटातून संभाजीनगरला नेतो. इंजिन निळा धूर टाकतंय. गॅरेजवाला पूर्ण इंजिनकामाचे १ लाख ४० हजार सांगतो. शालक म्हणतो, आणखी ६० हजार घालून मोठा टर्बो बसवा. की ८ लाखांचं कर्ज काढून नवीच घेऊ? हाताशी ३ लाखांची एफडी आहे.

भाऊ, इंजिन करा, मोठा टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नको. शालकांना राग येईल, येऊ द्या.

८ लाख ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता १७,४०० च्या आसपास आणि व्याज जवळपास २ लाख ४४ हजार. केळीचा भाव पडला की भाडं पडतं, हप्ता पडत नाही. इंजिनकामावर वरखर्चाचे २० हजार धरा (उघडल्यावर काहीतरी निघतंच), तरी तो खर्च सव्वानऊ हप्त्यांएवढा होतो.

पण उघडण्याआधी कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, आणि तो नुसत्या टर्बोच्या सीलमुळेही येतो. तसं असेल तर कार्ट्रिज (टर्बोचा आतला गाभा) बदलून थोडक्यात भागेल.

इंजिन खोललंच तर पैसा आधी पाया पक्का करण्यात घाला: क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा), बेअरिंग, ऑईल पंप, हेड फेसिंग (इंजिनाच्या वरच्या भागाची बैठक सपाट करणं), रेडिएटर. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तोही ऑईलच्या पातळ थरावर. पंप दमलेला असेल किंवा टर्बोची ऑईल पाइप काजळीने बुजलेली असेल, तर नवा टर्बोही जुन्याच्या वाटेने जातो. पाइप नवीच टाका, इंटरकूलरमध्ये (टर्बोतली गरम हवा थंड करणारी जाळी) साचलेलं ऑईल धुऊन काढा.

मोठ्या टर्बोने दाब आणि उष्णता वाढते. भरल्या गाडीने घाट चढताना हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग), पिस्टन आणि क्लच यांच्यावरच ते येतं, म्हणजे ६० हजार ही नुसती सुरुवात. शिवाय नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो. तुमची गाडी आता दरवर्षी पासिंगला जाते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

ब्लॉकला तडा निघाला किंवा क्रँक आणखी घासून (ग्राइंड करून) घेण्यासारखा उरला नसेल, तर मात्र तिथेच थांबा. गाडी आहे तशी विका आणि ते पैसे डाउन पेमेंटला लावा.

एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. व्याज साधारण एफडीच्या दराहून एक-दोन टक्के जास्त असतं. क्रँक घासणाऱ्या लेथवाल्याची मापं लिहून घ्या. गॅरेजला निम्मेच पैसे आधी द्या, थोडे पहिल्या ऑईल बदलीपर्यंत हातात ठेवा.