पुण्यात राहून, बर्फाच्या रिंकशिवाय वॉल्ट्झ जंप शिकता येईल का?

हो, येईल.

तुम्ही लिहिलंय की वय ३१, राहायला सिंहगड रोड, लहानपणी चार चाकांच्या स्केट्सवर चांगली सवय होती आणि हिवाळी ऑलिंपिकचं फिगर स्केटिंग बघून वॉल्ट्झ जंप, म्हणजे अर्ध्या फेऱ्याची उडी, शिकायची इच्छा झाली. बर्फ हाताशी नाही, म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये व्हिडिओ बघून प्रयत्न चाललाय. पण उडायच्या आधीच अंग वळतं, आणि उतरताना दोन्ही पाय एकदम टेकतात. मी रोलर स्केटिंगमधला आर्टिस्टिक प्रकार शिकले आणि बरीच वर्षं सकाळच्या बॅचला शिकवते, मुलांना आणि मोठ्यांनाही. तुमच्या दोन्ही अडचणी माझ्या ओळखीच्या आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच आहे: तुम्ही वळायचा प्रयत्न करताय. या उडीत वळायचं नसतं, पुढे जायचं असतं. अर्धी गिरकी आपोआप मिळते.

कशी, ते सांगते. तुम्ही उजव्या हाताच्या आहात असं धरते. अशा बहुतेकांची गिरकी डावीकडे जाते. खात्री करायची असेल तर घरात अनवाणी उभ्या राहून सहज उडी मारत वळून बघा, शरीर स्वतःच बाजू निवडतं. डावीकडे वळत असाल तर डाव्या पायावरून उडायचं आणि उजव्यावर उतरायचं. उडताना तुम्ही डाव्या पायाच्या आउटसाइड एजवर, म्हणजे पाय बाहेरच्या बाजूला कलवून, पुढे जात असता, म्हणजे वाट आधीच डावीकडे वळत असते. उजवा पाय मागून पुढे येतो, वजन हवेत डावीकडून उजवीकडे सरकतं, आणि तेवढ्यात अर्धा फेरा पूर्ण होऊन पाठ प्रवासाच्या दिशेला येते. खांदे फिरवून त्यात भर घालायला गेलात की एज घसरते आणि जमीन सुटायच्या आधीच वळून होतं. मग वर जायला काही उरत नाही.

बर्फ नाही याची खंत करू नका. रोलर आर्टिस्टिकमध्ये याच उड्या असतात: वॉल्ट्झ, साल्काव, टो लूप, फ्लिप, लुट्झ, अ‍ॅक्सल. आपल्या देशाच्या अनुप कुमार यामाने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत चाकांवरच दोन कांस्यपदकं मिळवली, एक एकेरीत आणि एक अवनी पांचाळबरोबर जोडीत. आणि वॉल्ट्झ जंपला लहान समजू नका. पुढे तोंड करून उडायची एकच मोठी उडी आहे, अ‍ॅक्सल, आणि ती म्हणजे वॉल्ट्झ जंपवर आणखी एक पूर्ण फेरा. नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल पॉलसनने ती १८८२ मध्ये व्हिएन्नात करून दाखवली. २०२२ मध्ये अमेरिकेच्या इलिया मालिनिनने तिचे साडेचार फेरे स्पर्धेत पूर्ण केले. त्या उडीची सुरुवातही डाव्या पायाच्या याच आउटसाइड एजवरून होते, फक्त स्केटर उलट्या दिशेला फिरणारा नसला तर. म्हणून इथे घाई करू नये असं मला मनापासून वाटतं.

आता स्केट्स. पुण्यात माझ्या पाहण्यातले बहुतेक क्लास स्पीडचे, त्यामुळे घराघरांत इनलाइन स्पीड स्केट्स असतात. त्यांवर ही उडी शिकू नका. फ्रेम लांब, चाकं मोठी, बूट घोट्याखाली संपतो. उतरताना घोट्याला आधार मिळत नाही. लहान मुलांचे पट्टे आवळून घालायचे, लांबी कमी-जास्त होणारे लोखंडी स्केट्सही नकोत. घोटा धरून ठेवणारा लेसचा बूट, खाली दोन-दोन चाकांच्या दोन जोड्या आणि पुढे टो स्टॉप, म्हणजे बोटांखालचा रबरी ठोकळा, असे क्वाड घ्या. अशा स्केटमध्ये पाय एका बाजूला कलला की ट्रकमधलं, म्हणजे चाकांची आस धरणाऱ्या भागातलं, रबर दाबलं जातं, आस थोडी तिरकी होते आणि स्केट त्या बाजूला वळतो. एज म्हणतात ती हीच. ट्रकचा नट फार आवळलेला असेल तर तुम्ही कितीही कला, स्केट सरळच जाईल. थोडा थोडा सैल करून बघा, पण डगमगेल इतका नको. टो स्टॉप इतका खाली नसावा की पुढच्या चाकांवर आल्यावर जमिनीला लागेल. उडताना तो घासला तर स्केट जागच्या जागी थांबतो आणि तुम्ही पुढे पडता.

जागा. पेव्हर ब्लॉक बाद. पार्किंगमध्ये उतार आणि गटाराच्या जाळ्या आधी चालत जाऊन बघा. घोटीव कोटा किंवा गुळगुळीत काँक्रीट चांगलं, मात्र रोज स्वतः झाडून घ्या, कारण चाकाखाली आलेला एक खडा पुरेसा असतो. जून ते सप्टेंबर उघड्या जागेचा भरवसा नाही. ओल्या फरशीवर उडी मारायचीच नाही, त्या दिवसांत जिन्याखालच्या कोरड्या जागेत साधे बूट घालून सराव करा. त्याने होणारं काम कमी नाही, ते पुढे सांगते.

सगळ्यात आधी उतरायला शिका. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी उडी नंतर आणि उतरणं आधी शिकवते, आणि मोठ्या माणसांच्या बाबतीत यावर मी अडून बसते. उलट्या दिशेला दोन पायांवर घसरत जा, मग वजन उजव्या पायावर घ्या, गुडघा चांगला वाकवा, डावा पाय मागे लांब ठेवा. हात खांद्यांच्या उंचीच्या जरा खाली, पसरलेले. छाती वर, नजर समोर, जमिनीवर नाही. उजव्या पायाच्या आउटसाइड एजवर मागे जाताना मोठं वळण काढा आणि मनात एक ते पाच म्हणेपर्यंत हलू नका. हे झोपेतून उठवलं तरी जमेल असं झालं की उडीतली भीती निम्मी संपते, कारण कुठे जाऊन पोचायचंय ते शरीराला कळलेलं असतं. दोन्ही पाय एकदम टेकतात त्याचं कारण मला बहुतेक वेळा इथेच सापडतं: एका पायावर उलटं जाता येत नाही, म्हणून दुसरा पाय मदतीला येतो.

मग साध्या बुटांवर. फरशीवर खडूने एक सरळ रेघ काढा. डावा पाय रेघेवर, गुडघा वाकलेला, उजवा पाय मागे, दोन्ही हात कमरेच्या मागे. उजवा गुडघा पुढे-वर जाऊ द्या, हात त्याच्याबरोबर पुढे येऊ द्या, आणि उजव्या पायाच्या चवड्यावर, पाठ पुढे करून, रेघेवरच उतरा. उतरल्याची खूण करा. ती सुरुवातीच्या जागेपासून दूर गेली पाहिजे. जागच्या जागी वळून उतरत असाल तर ती उडी नाही, गिरकी आहे. ही खूण हळूहळू पुढे सरकवत न्या. पावसाळ्याचे चार महिने एवढं जरी केलंत तरी दिवाळीनंतर चाकांवर फरक दिसेल.

चाकांवर आल्यावर तीन-चार मीटर व्यासाचं वर्तुळ खडूने काढा आणि फार वेग न घेता उजव्या पायाने ढकलून डाव्यावर या. डाव्या आउटसाइड एजवर त्या वर्तुळावरून नुसतंच जा, उडू नका. उजवा पाय मागे, खांदे समांतर, डावा खांदा वर्तुळात पडू द्यायचा नाही. हे स्थिर झालं की गुडघा खोल वाकवा. आता सगळं एका क्षणावर येतं: उजवा पाय डाव्याच्या अगदी शेजारून पुढे जाण्याची वेळ आणि डावा गुडघा सरळ होण्याची वेळ एकच असली पाहिजे. उजवा पाय फाटकासारखा बाजूने फिरवलात तर कंबर आधी उघडते आणि तुमची जुनी अडचण परत येते. पाय घोट्याजवळून पुढे न्या, गुडघा वर, शेवटचा जोर पुढच्या दोन चाकांवरून द्या. हवेत क्षणभर दोन्ही पाय लांब, एक पुढे एक मागे. तिथेच वजन उजव्या बाजूवर गेलं पाहिजे. ते डावीकडे राहिलं तर डावा पाय हमखास खाली येतो.

उतरताना आधी पुढची चाकं, लगेच मागची, आणि गुडघा त्याच वेळी वाकत जातो. कान द्या. दोन लहान आवाज पाठोपाठ आले तर ठीक. एकच मोठा आदळल्याचा आवाज आला तर गुडघा ताठ होता, आणि तो धक्का कमरेपर्यंत जातो. हात लगेच उघडा, म्हणजे फिरण्याचा वेग कमी होतो आणि एज पकडता येते. उडी पुढे गेल्यामुळे उतरण्याची जागा वर्तुळाच्या थोडी बाहेर पडेल, पण वळण त्याच दिशेचं राहील.

आधीच वळताय की नाही हे कसं ओळखायचं? डाव्या स्केटच्या चाकांवर खडू घासा आणि उडी मारून मागे वळून फरशी बघा. एज शुद्ध असेल तर बारीक रेषा वळत जाऊन अचानक संपतात. आधी वळला असाल तर शेवटी त्या रुंद होऊन हुकासारख्या मुरडलेल्या दिसतात. माझ्या बॅचमधल्या एक काकू, नोकरी सांभाळून येतात, सकाळी आल्या आल्या आधी खडू मागतात. व्हिडिओत जे दहा वेळा बघून कळलं नव्हतं ते त्यांना त्या मुरडलेल्या टोकावरून एका सकाळी कळलं, आणि नंतर त्या मला विचारायच्या आधी स्वतःच सांगू लागल्या, आज पाय बाजूने गेला.

हेल्मेट, मनगटाचे गार्ड, गुडघ्याचे पॅड घालूनच उतरा. मोठ्या माणसांचं पडताना हात पुढे टेकून मनगट मोडतं, म्हणून तोल गेलाच तर गुडघे वाकवून मांडीच्या बाजूवर बसायची सवय मुद्दाम लावून घ्या. आधीचं गुडघ्याचं किंवा कमरेचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून मगच उड्या.

क्लास शोधताना फोनवर फक्त 'स्केटिंग शिकवता का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. 'आर्टिस्टिक फ्री स्केटिंग शिकवता का, आणि मोठ्यांना घेता का' असं विचारा. एक तास आधी जाऊन बॅच बघा. मुलांना एका पायावर उलटं जायला लावतात का, एवढं पाहिलंत तरी पुरे.

आणि कधी शिमल्याच्या किंवा डेहराडूनच्या रिंकवर जाणं झालं तर तिथे पहिल्या दिवशी उडू नका. पात्याला दोन धारा असतात आणि मधे खोलगट पन्हळ, त्यामुळे एज चाकांपेक्षा फार लवकर आणि खोल पकडते. शिवाय पुढचे दात टो स्टॉपपेक्षा जमिनीच्या खूप जवळ असतात. पुढे झुकून ढकलायची सवय असेल तर ते अडकतात. उलटं जाणं, डावी आउटसाइड एज, उतरण्याची स्थिती, हे सगळं परत त्याच क्रमाने करा, मग उडा. तोवर इथल्या पार्किंगमधला तुमचा एखादा व्हिडिओ टाका, फोन वर्तुळाच्या मध्यावर जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवून घेतलेला. उजवा पाय कुठून जातो ते बघून सांगते.