अंगावर पिणाऱ्या बाळाला गॅस होतो, संध्याकाळभर रडतं. काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाळ पाच आठवड्यांचं आहे, फक्त अंगावर पितं. दिवसभर बरं असतं, पण तिन्हीसांजा झाल्या की किरकिर सुरू. पाय पोटाशी घेतं, लालबुंद होतं, सारखं पादतं आणि नऊ-साडेनऊपर्यंत कुणाच्याच हाती राहत नाही. सासूबाईंच्या मते हे सगळं तुमच्या खाण्यामुळे. म्हणून डाळी, पालेभाज्या, बटाटा बंद होऊन तुमच्या ताटात मऊ भात, तूप आणि दुधीची भाजी एवढंच उरलंय. शेजारणीने ग्राइप वॉटर आणून दिलंय आणि घरात 'दूध पुरत नसेल, डब्याचं सुरू करा' अशी कुजबुज चाललीय.

मी पुण्यात स्तनपान समुपदेशक म्हणून काम करते. डॉक्टर नाही, पण हे असं घर मला चांगलं ओळखीचं आहे. तेव्हा पहिली गोष्ट: आज रात्री जेवताना वाटीभर वरण घ्या.

दूध रक्तातून तयार होतं. वाटाणा-हरभरा खाल्ल्यावर होणारा वायू तुमच्या आतड्यात, तिथल्या जिवाणूंमुळे होतो. तो दुधात उतरून बाळाच्या पोटात जात नाही, चोथाही जात नाही. वास आणि चव मात्र उतरते. १९९१ साली अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात आयांना लसूण दिला, तेव्हा दुधाला लसणाचा वास आला आणि बाळं तोंड फिरवायचं सोडून उलट जास्त वेळ छातीला लागून राहिली. बाळंतिणीला लसणाची चटणी आणि बाजरीची भाकरी वाढणाऱ्या आमच्या आज्यांना हे ऐकून फार नवल वाटलं नसतं. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात असं आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सांगते, प्रथिनंही जास्त लागतात. आणि तुमच्या ताटातून काढली काय, तर डाळ!

याला एक खरा अपवाद आहे: गाई-म्हशीच्या दुधातलं प्रथिन. काही थोड्या बाळांना ते आईच्या दुधातून आलेलंही सोसत नाही. पण त्या बाळांचं नुसतं रडणं नसतं. शीमध्ये शेंबडासारखा चिकट भाग किंवा रक्ताच्या रेषा, अंगावर खरखरीत, बरं न होणारं पुरळ, सारख्या उलट्या, वजन न वाढणं, असं काहीतरी जोडीला दिसतं. तसं असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर, चहातलं दूधसुद्धा बंद करून बघतात आणि नंतर पुन्हा सुरू करून खात्री करतात. तुम्ही लिहिलेल्यात यातलं काहीच नाही.

मग गॅस येतो कुठून? थोडा गिळलेल्या हवेतून. थोडा दुधातल्या साखरेतून, कारण न पचलेली साखर मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, आणि हे निरोगी बाळातही होतं. आणि बराचसा रडण्यातून. बाळ रडताना घटाघटा हवा गिळतं, मग पादतं आणि आपण म्हणतो बघा, गॅसमुळे रडत होतं. पुष्कळदा क्रम उलटा असतो.

म्हणून मी घरी गेले की आईच्या खाण्याचं नंतर विचारते, आधी म्हणते, पाजून दाखवा. आणि ऐकत बसते. नीट लागलेलं बाळ सुरुवातीला भराभर चोखतं, मग चोखणं संथ होऊन गिळण्याचा हलका आवाज येत राहतो. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीत रुतलेली, नाक मोकळं. जिथे चट-चट असा जीभ टाळ्यापासून सुटल्यासारखा आवाज येतो, गालाला खळी पडते, तिथे हवा आत जातेय. अशा वेळी दुखत असूनही आई तशीच पाजत राहते. तसं करू नका. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. बाळाचं नाक बोंडासमोर ठेवा, ते 'आ' करेपर्यंत थांबा आणि मग बाळाला छातीकडे आणा, छाती बाळाकडे नको. नुसतं बोंड तोंडात जाऊन चालत नाही, भोवतालचा काळा भागही, विशेषतः खालचा, बराचसा आत जायला हवा.

दुसरा प्रकार म्हणजे दूध जोरात येणं. बाळ दोन-तीन घोट घेतं, ठसकतं, सुटतं आणि दुधाची धार त्याच्या तोंडावर उडते. शी हिरवट, फेसाळ, फटाफट होणारी. अशा आयांना घरात 'दूध कमी आहे' असं सांगितलेलं असतं, याचं मला दर वेळी हसू येतं, खरं तर रागच येतो. इथे उपाय साधा आहे. पान्हा फुटला की पहिली जोराची धार लंगोटात जाऊ द्या, मग बाळाला लावा. मागे उशा लावून रेलून बसा आणि बाळ तुमच्या अंगावर पालथं ठेवून पाजा, म्हणजे दुधाचा जोर कमी होतो. एक बाजू नीट रिकामी होऊ द्या, मगच दुसरी. पाजणं पुढे सरकतं तसं दुधात स्निग्धांश वाढतो. घड्याळ लावून दहा-दहा मिनिटांनी बाजू बदलली तर बाळाला पातळ, साखरेचं दूधच जास्त मिळत राहतं.

ढेकर काढायला दोन-चार मिनिटं पुरेत. खांद्यावर, किंवा मांडीवर बसवून एका हाताने हनुवटी धरून, दुसऱ्या हाताने पाठीवरून वर हात फिरवत. नाही आली तर सोडून द्या. झोपलेल्या बाळाला ढेकरेसाठी थोपटून थोपटून उठवायचं कारण नाही.

आता संध्याकाळ. १९५४ साली मॉरिस वेसल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी व्याख्या केली: धडधाकट बाळ दिवसात ३ तासांपेक्षा जास्त, आठवड्यात ३ दिवसांपेक्षा जास्त, असं ३ आठवड्यांहून अधिक रडत असेल तर ते पोटशुळाचं रडणं. आज निकष जरा बदललेत, पण चित्र तेच आहे. रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाढायला लागतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळात हे आठवडे डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजायचे. म्हणजे तुम्ही सध्या चढणीवर आहात, पुढचे काही दिवस याहून वाईट जातील. खुशाल मीठ-मोहरीने दृष्ट काढा, घरच्यांना बरं वाटतं. फक्त मिरच्यांचा धूर बाळाच्या नाकात जाऊ देऊ नका.

याच वेळी बाळ दर अर्ध्या तासाने प्यायला मागतं आणि छाती मऊ, रिकामी वाटते. घरचे म्हणतात, दूध आटलं. आटत नाही. संध्याकाळी थोडं थोडं, सारखं पिणं ही या वयाची रीतच आहे. दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून नाही, लंगोटावरून आणि काट्यावरून कळतं. दिवसाला सहा किंवा जास्त ओले लंगोट आणि आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅम वजन वाढत असेल तर डबा उघडायची गरज नाही.

शांत करायला बाळाला हातावर पालथं घ्या: डोकं कोपराच्या खोबणीशी, पोट तुमच्या हातावर, पाय दोन्हीकडे लोंबते, आणि घरभर हळूहळू फिरा. पोटावर येणारा दाब आणि ऊब यानं बरीच बाळं सैलावतात. उताणं ठेवून सायकलसारखे पाय फिरवणं, गुडघे पोटाकडे नेणं हे रडं पेटायच्या आधी, दुपारी करा. दिवा मंद, टीव्ही बंद, पंख्याचा एकसुरी आवाज, बाळ उघड्या छातीवर आणि वरून चादर, हेही चालतं. झोपवताना मात्र पाठीवरच.

बेंबीभोवती कोमट पाण्यात कालवलेला हिंग लावायला माझी हरकत नाही. नाळ पडून जागा कोरडी झालेली हवी आणि त्वचा लाल होता कामा नये. विड्याचं पान तव्यावर गरम करून पोटावर ठेवत असाल तर आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा.

तोंडातून मात्र काही नको. ग्राइप वॉटर १८५१ साली इंग्लंडात विल्यम वुडवर्डने काढलं तेव्हा त्यात चक्क दारू होती. आता नसते, पण त्याने रडणं थांबतं असा भरवशाचा पुरावाही नाही. सहा महिन्यांपर्यंत पाणीसुद्धा लागत नाही. गुटीतल्या मुरुडशेंगेबद्दल आज्यांना फार माया असते, पण सहाणेवर जायफळाचा एखादा वेढा जास्त पडला की बाळ गुंगतं आणि आपण म्हणतो पोटदुखी थांबली. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातून होणारा बॉट्युलिझम हा जिवाणूंच्या विषाचा आजार जिवावर बेततो. घरात मोठ्या भावंडाच्या वेळचे पोटदुखीचे थेंब असतील तर बाटलीवर डायसायक्लोमिन लिहिलंय का बघा. सहा महिन्यांखालच्या बाळाला ते द्यायचं नाही. गॅसच्या थेंबांतलं सिमेथिकोन बहुधा निरुपद्रवी आहे, पण साध्या पाण्याच्या थेंबांपेक्षा ते सरस ठरलेलं नाही. एल. रुटेरी या प्रोबायोटिकने (म्हणजे पोटाला उपकारक जिवाणूंनी) अंगावर पिणाऱ्या बाळांचं रडणं कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. ते डॉक्टरांना विचारून.

आणि हे दिसलं तर वाट बघू नका, थेट दवाखाना: ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शीतून रक्त, टणक फुगलेलं पोट, जांघेत गाठ, पिणं सोडून देणं, अंग गळून जाणं, एरवीपेक्षा वेगळं चिरकं रडणं. रडणं अचानक सुरू होऊन थांबेना तर हातापायांची बोटं आणि मुलाची शूची जागा बघा, केस गुंडाळलेला असू शकतो.

राहिल्या सासूबाई. त्यांना काहीतरी करायचंय आणि हातात फक्त तुमचं ताट आहे. संध्याकाळी सात ते आठ बाळ त्यांच्याकडे द्या, पालथं धरायचं कसं ते दाखवा, त्यानंतर तासभर बाळाचे बाबा. तुम्ही त्या वेळात गरम जेवा, प्यायला मागितलं तरच उठा. आणि कधी एकट्याच असताना डोकं भणभणायला लागलं, तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जाऊन बसा. तेवढ्या रडण्याने त्याला काही होत नाही. रागाच्या भरात गदागदा हलवलं तर मात्र मेंदूला इजा होते, आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.