बदल घडवायचाय, पण संस्थेचा मूळ उद्देश न घालवता

तू लिहिलंयस की सोशल वर्कची डिग्री घेऊन चार वर्षं एका संस्थांच्या नेटवर्कमध्ये काम करतेयस, आता सेंट्रल ऑफिसला सगळ्या शाखांसाठी एकच रिपोर्टिंग सिस्टीम आणि कॉमन फंडरेझिंग आणायचंय आणि ते काम तुझ्याकडे देतायत, पण आधी एमबीए करावं का ते कळत नाहीये, वर भीती ही की आपल्याच हातून संस्थेचा मूळ उद्देश जाईल.

माझं मत विचारशील तर काम घे, एमबीए थांबू शकतं. आणि ती भीती जपून ठेव, ती नसलेल्या माणसाकडे हे काम जाऊच नये.

नेटवर्कमध्ये ऑर्डर काढून काही होत नाही गं. शाखांचं बऱ्याचदा स्वतःचं बोर्ड असतं, स्वतःचे देणगीदार असतात, त्या मीटिंगमध्ये मान डोलावतात आणि परत जाऊन जुन्याच पद्धतीने चालू ठेवतात. म्हणून सुरुवातीला सिस्टीम बिस्टीम बाजूला ठेव, शाखांमध्ये जाऊन बस आणि विचार की इथलं काय बंद झालं तर तुम्ही हे काम सोडून द्याल? फॉर्म बदलला म्हणून सहसा कुणी सोडत नाही, पण ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याजवळ बसायला वेळच उरला नाही तर सोडतात. कशाला हात लावायचा नाही हे तुला तिथेच कळेल.

मार्च ऑफ डाइम्सचा इतिहास जरूर बघ. 1938 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी पोलिओशी लढायला ती संस्था काढली, ठिकठिकाणच्या शाखांनी लोकांकडून छोट्या छोट्या देणग्या जमवल्या, त्यातून शास्त्रज्ञ साल्कच्या पोलिओ लसीच्या संशोधनाला पैसा गेला आणि 1955 मध्ये लस यशस्वी ठरली. आता पुढे काय? 1958 मध्ये त्यांनी बाळांमधल्या जन्मजात दोषांचं काम हाती घेतलं. आजार बदलला, पण सामान्य माणसाच्या पैशातून मुलांच्या आरोग्यासाठी संशोधन, हे टिकलं. रेड क्रॉसमध्ये तर देशोदेशीच्या सोसायट्यांचं काम वेगवेगळं, पण 1965 मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत मान्य झालेली सात मूलतत्त्वं सगळ्यांना सारखीच.

मला खरी काळजी वाटते ती रिपोर्टिंगची. जे मोजलं जातं तेच काम हळूहळू वाढतं, किती लोकांना भेटलो हा आकडा भरायचा म्हटलं की माणसं पाच मिनिटांच्या भेटी वाढवतात आणि तासभर लागणारी अवघड केस मागे पडते, आणि हे कुणी मुद्दाम करत नाही म्हणून वेळेत लक्षातही येत नाही. त्यामुळे काय मोजायचं हे फील्डवरच्या लोकांना बरोबर घेऊनच ठरव. पायलट, म्हणजे आधी छोटी चाचणी, दोन-तीन शाखांमध्ये कर, त्यात सगळ्यात जास्त विरोध करणारी एक शाखा हवीच, सिस्टीममधल्या खऱ्या चुका तीच दाखवेल.

अकाउंट्स मात्र आत्तापासून शिक, ठराविक कामासाठी आलेली ग्रँट दुसरीकडे वळवता येत नाही आणि कॉमन फंडरेझिंगमध्ये भांडणं नेमकी तिथेच होतात.

होकार देण्याआधी दोन गोष्टी लेखी घे. पायलटमध्ये जे चुकीचं निघेल ते बदलायचा अधिकार तुझ्याकडे हवा, आणि शाखांच्या प्रतिनिधींची कमिटी निर्णयात हवी. याला ते तयार नसतील तर काम घेऊ नकोस, तुझ्या हातात नुसतं निरोप पोचवणं उरेल. मग खुशाल एमबीएचे फॉर्म भर.